सर म्हणतात 'लक्ष द्या', म्हणजे नेमकं काय करू?

या वेळचं पत्र अमळनेर तालुक्यातून आलंय. नाव-गाव काढून, थोडं आखूड करून देते.

"ताई, मी सातवी शिकलेली आहे. मुलगा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. शाळेत दोनच शिक्षक. यंदा नवीन सर आले, ते बाहेरच्या जिल्ह्यातले आहेत. दिवाळीनंतरच्या पालकसभेत ते सगळ्यांसमोर म्हणाले, 'याला साधी वजाबाकी येत नाही, घरी लक्ष द्या, अभ्यास घ्या.' मला मान वर करता आली नाही. पण ताई, संध्याकाळी वेचणीचा कापूस मोजताना हाच पोऱ्या वही घेऊन बसतो. कोणाचा किती किलो, कोणी किती उचल घेतली, कोणाला किती द्यायचे, सगळं तोंडी सांगतो. मग शाळेत काय होतं त्याला? 'माझी आई' निबंधात त्याने 'मन्ही माय' लिहिलं, तर सरांनी लाल गोल केला. फळ्यावरचं अर्धवट उतरवून आणतो. वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून एक दिवस साडेतीन वर्षांच्या बहिणीला सांभाळायला त्याला घरी ठेवावं लागतं, सासूबाईंच्या गुडघ्यांनी पोर आवरत नाही. गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, फोन त्याच्या बाबांकडे, आणि ते रात्री उशिरा येतात. ते कधी म्हणतात, 'मीच जातो आणि सरांना दाखवतो.' कधी म्हणतात, 'काढ इथून, इंग्लिश मीडियमला टाकू, व्हॅन फाट्यापर्यंत येते.' मी शाळेत जाऊ का? जाऊन बोलू काय? की सरळ शिकवणी लावू?"

ताई,

शाळेत जा. तुम्हीच जा, आणि भाऊ, म्हणजे मुलाचे बाबा, 'दाखवायला' निघण्याच्या आधी जा. जाताना दोन वह्या पिशवीत टाका. एक त्याची गणिताची, दुसरी कापसाच्या मोजणीची.

मोजणीच्या वहीचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, कोड्यात पडल्यासारखं. मला मात्र अख्ख्या पत्रात तीच ओळ मोलाची वाटली, कारण ती गोष्ट सरांना ठाऊकच नाही. त्यांना वर्गात बसलेला, वजाबाकी चुकणारा पोऱ्या दिसतो. काट्यापाशी बसून सगळ्या बायांचा हिशेब सांगणारा पोऱ्या त्यांनी कधी पाहिलेला नाही, तो फक्त तुम्ही पाहिलाय. उलट, वहीत तो नेमका कुठे अडतो हे सरांनी पाहिलंय आणि तुम्हाला माहीत नाही. सभेत दोघांनी आपापली अर्धी माहिती आपापल्याकडेच ठेवली. सर 'लक्ष द्या' म्हणाले, तुम्ही मान खाली घातली, आणि पुढच्या पालकाचं नाव पुकारलं गेलं.

हे 'लक्ष द्या' मी शाळेत नोकरी करताना खूप ऐकलंय. त्यात सर खोटं बोलतात असं नाही. पण ताप आलेल्या पोराला तपासून 'काळजी घ्या' एवढंच सांगून परत पाठवणाऱ्या डॉक्टरसारखं आहे ते. आईने घरी जाऊन करायचं काय? म्हणून तुमचं शाळेतलं काम एकच. 'लक्ष द्या'चं पुढचं वाक्य सरांकडून काढून घ्यायचं. कशाकडे लक्ष देऊ? कुठल्या गणितात? कुठल्या पायरीला?

त्याआधी आज रात्री घरीच एक पाहून घ्या. त्याची गणिताची वही उघडा आणि जिथे लाल फुल्या आहेत ती वजाबाकीची गणितं नीट बघा. माझा अंदाज सांगते. वर ५२, खाली ३८ असं गणित असेल, तर त्याने उत्तर २६ लिहिलेलं असेल. कसं आलं हे २६? एककाच्या घरात वर २ आणि खाली ८. दोनातून आठ जात नाहीत, मग त्याने आठातून दोन काढले, ६. दशकात पाचातून तीन गेले, २. झाले २६. अशाच पद्धतीने चुकलेली तीन-चार गणितं सापडली, तर समजा की पोरगा बेफिकीर नाही. तो एक नियम इमानदारीने पाळतोय: मोठ्यातून लहान काढायचा, मग मोठा वर असो की खाली. नियमच चुकीचा बसलाय. दुसरी-तिसरीत हातच्याची वजाबाकी शिकवली तेव्हा काहीतरी निसटलं आणि त्याने आपल्या मनाने वाट काढली. वजाबाकी चुकणाऱ्या पोरांच्या वह्यांत ही चूक फार दिसते, आणि ती जाते. फक्त 'अभ्यास कर' म्हणून जात नाही, कारण तो अभ्यास करायला बसला की तीच चूक आणखी पक्की करून उठतो.

आता काट्यापाशी काय होतं ते पाहा. समजा एका बाईने ५२ किलो कापूस वेचला, किलोला दहाने ५२० रुपये झाले आणि तिने १८० उचल घेतलेली आहे. तो लगेच ३४० सांगत असेल. कसं करतोस, विचारा एकदा. बहुतेक असं सांगेल: एकशे ऐंशीचे दोनशे व्हायला वीस, दोनशेपासून पाचशे वीसपर्यंत तीनशे वीस, झाले तीनशे चाळीस. म्हणजे तो खालून वर चढत जातो, किराणा दुकानदार उरलेले पैसे परत देताना मोजतो तसा. ही अगदी बरोबर रीत आहे. आकडा किती मोठा, त्यातून किती गेले, हे त्याला समजतं. कागदावर उभी मांडणी आली की ते ५२ राहत नाहीत, एकावर एक ठेवलेले सुटे ५ आणि २ होतात, आणि तिथे तो हरवतो.

हे सरांना सांगा. आपल्या पोराची वकिली करायला जाताय असं वाटून घेऊ नका. वर्गात बसून कुठल्याच शिक्षकाला न मिळणारी बातमी तुम्ही देताय. ज्याला संख्या कळते आणि मांडणी कळत नाही, त्याला शिकवायचं वेगळं. ज्याला संख्याच कळत नाही, त्याला शिकवायचं वेगळं. दोघांच्या वहीत लाल फुली मात्र सारखीच दिसते.

घरी तुम्हाला करता येण्यासारखं एक आहे आणि त्याला सातवी भरपूर झाली. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्यापुढे ठेवा. म्हणा, यातून मला ३८ दे. तो तीन नोटा देईल आणि आठ रुपयांपाशी थांबेल, कारण सुटे दोनच आहेत. मग तोच म्हणेल, दहाची नोट मोडून दे. मोडून द्या. आता त्याच्याकडे चार नोटा आणि बारा सुटे. त्यातून तीन नोटा आणि आठ सुटे गेले, उरले चौदा. नोट मोडली त्याच वेळी वहीत पाचाच्या डोक्यावर चार आणि दोनाच्या डोक्यावर बारा लिहायला लावा. नोट आणि आकडा एकाच वेळी हलू द्या. रोज दोन गणितं, जास्त नाही. शाळेत सर हेच काड्यांच्या गठ्ठ्यांनी करून घेऊ शकतात, दशकाचा गठ्ठा सोडायचा आणि सुट्या काड्या मोकळ्या करायच्या. पण घरात एक रीत आणि शाळेत दुसरी असं होऊ नये, म्हणून आधी सरांना दाखवा आणि 'तुम्ही कसं करून घेता' हे विचारून घ्या.

आता जायचं कधी, बोलायचं काय.

पालकसभेत बोलू नका. तिथे सर पंचवीस आयांना तोंड देत असतात आणि सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात. शाळा सुटतानाही नको. सर कुलपं लावत असतात, पोऱ्या शेजारी उभा राहून ऐकत असतो. आदल्या दिवशी पोराच्या वहीत चिठ्ठी पाठवा: 'सर, मुलाच्या गणिताबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे, कधी येऊ?' वेळ मागून आलेल्या पालकाशी शिक्षक वेगळं बोलतो, हे माझ्याकडून लिहून घ्या.

गेल्यावर सभेतल्या अपमानाने सुरुवात करू नका. तो लागलाय, मला कळतं, त्यावर पुढे येते. सुरुवात अशी करा: 'सर, तुम्ही वजाबाकीचं म्हणालात, मी वही बघितली. मला वाटतं तो हातच्यापाशी चुकतो. घरी मात्र मजुरीचा हिशेब तोंडी बरोबर करतो, ही बघा त्याची वही. मग अडतं कुठे?' एवढं बोलून थांबा. गप्प बसा. सरांना वही चाळू द्या. मोजणीच्या वहीत त्यांना त्याच्या अक्षरात नावं, किलो, उचल असं सगळं दिसेल, आणि चांगला शिक्षक तिथे थबकतो. मग दोनच प्रश्न विचारा. येत्या पंधरा दिवसांत त्याने काय शिकावं असं तुम्हाला वाटतं? आणि त्यासाठी मी घरी रोज काय करू? जे सांगतील ते त्यांच्यासमोरच वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या. उठताना पुढची तारीख ठरवा. तारीख न ठरवता निघालात तर गाठ थेट पुढच्या पालकसभेला पडेल.

तुम्ही मेहेरबानी मागायला जात नाही, हेही डोक्यात ठेवा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे शिक्षकाच्या कर्तव्यांत कायद्यानेच घातलंय. ते वाक्य सरांच्या तोंडावर फेकायचं नाही. तुमची पाठ ताठ राहावी म्हणून सांगितलं. त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया. तुमच्या शाळेच्या भिंतीवर सदस्यांच्या नावांचा फलक असेल, वाचा एकदा. फलकावर बाईचं नाव, बैठकीला तिचा नवरा, आणि रजिस्टर सहीसाठी घरपोच, हा प्रकार आपल्याकडे नवीन नाही. पुढच्या वेळी समिती निवडतील तेव्हा तुम्ही नाव द्यावं असं मला वाटतं, पण ते पुढचं. आधी वजाबाकी.

सरांची बाजूही पाहा थोडी. दोन शिक्षक आणि चार वर्ग, म्हणजे एकाच खोलीत दोन इयत्ता. तिसरीला वाचायला बसवायचं आणि चौथीला गणित द्यायचं, मग चौथीला सोडवत ठेवून तिसरीकडे वळायचं. साठपर्यंत पट असेल तर कायद्याने दोनच शिक्षक बसतात, त्यामुळे हे तुमच्याच गावाचं दुखणं नाही. वर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. अशात एका पोराची वजाबाकी कुठल्या पायरीला चुकते हे शोधायला जो निवांतपणा लागतो, तो त्यांना क्वचित मिळत असेल. तुम्ही वही घेऊन गेलात तर ते अर्धं काम करूनच जाल.

म्हणून सभेत बोलले ते बरोबर ठरतं का? नाही. चारचौघांत पोराचं नाव घेऊन 'याला येत नाही' म्हणणं चूक आहे, आणि ते त्यांना सांगायला हवं. पहिल्या भेटीत नाही, दुसऱ्या भेटीत सांगा, ओळख थोडी सैल झाली की: 'सर, त्याचं काही असेल तर मला एकटीला बोलवा. सभेत ऐकलं की त्याच्या बाबांचं डोकं फिरतं आणि मार पोराला बसतो.' खरं असेल तरच हे म्हणा. पत्रावरून मला तसं वाटलं. शाळेत मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं याला कायद्यातच मनाई आहे. तसं काही झालं तर मग आधी सर, त्यांनी ऐकलं नाही तर मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, या क्रमाने आणि लेखी जायचं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून सुरुवात करायची नाही. तिथे शिक्षक एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला होतं, आणि पोराला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचं असतं.

'मन्ही माय'बद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ते वाचून मला वाईट वाटलं.

सर बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी जूनमध्ये पहिल्यांदा अहिराणी, म्हणजे आपली खानदेशी बोली, ऐकली असेल. पोर उभं राहून भराभर काही सांगतं, ते अर्धं कळत नाही, पुन्हा विचारलं की पोर गप्प होतं. मग शिक्षकाच्या मनात बसतं की याला येत नाही. माझ्या पाहण्यातली कितीतरी 'न बोलणारी' पोरं घरी तोंडाला कुलूप नसलेली होती! आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर गाणी म्हणणारी, कानबाईच्या सणाला रोटाच्या दिवशी घर डोक्यावर घेणारी पोरं वर्गात पुतळ्यासारखी बसायची. त्यांना प्रमाण मराठी शिकायचीच आहे, परीक्षेत तीच लागणार, यात वाद नाही. पण 'मन्ही माय' लिहिणाऱ्या पोराला आईबद्दल सांगायचं काय ते माहीत आहे. लाल गोलाने त्याला एवढंच कळलं की आपल्या घरातलं बोलणं चूक असतं. हेच शेजारी 'माझी आई' लिहून 'पुस्तकात असं लिहितात' म्हटलं असतं तर दोन्ही राहिलं असतं. मातृभाषेतून शिकवावं, शक्य तितकं, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर दिलाय.

तुम्ही काय करायचं? सरांना एवढंच सांगा की आमच्या घरी सगळे अहिराणीच बोलतो, त्याला शब्द अडला की गप्प होतो, येत नाही म्हणून नाही. आणि घरी अहिराणी सोडू नका. काही आया सरांनी टोकलं की दुसऱ्या दिवसापासून पोराशी अर्धीमुर्धी 'शुद्ध' बोलायला लागतात. त्याने पोराची अहिराणीही जाते आणि मराठी तर आईचीच धड नसते, मग त्याची कुठून होणार? गोष्टी सांगा, भांडा, रागवा, सगळं आपल्या बोलीत. मराठी वाचनातून येईल.

वाचनाला रोज दहा मिनिटं पुरतात. तुम्ही भाकरी थापताना त्याला चुलीपाशी बसवून मराठीच्या पुस्तकातला धडा मोठ्याने वाचायला सांगा. तुमचे हात पिठात, कान त्याच्याकडे. अडखळला तर चटकन सांगू नका, जरा थांबा. वाचून झालं की पुस्तक मिटून विचारा, काय झालं रे त्यात? तो अहिराणीत सांगेल, सांगू द्या. सरकारच्या निपुण भारत कार्यक्रमात तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला साठ शब्द, समजून, वाचावेत असं धरलंय. घड्याळ लावून बसू नका, पण चौथीचं पोर एकेक अक्षर जोडत वाचत असेल तर ते सरांना नक्की सांगा. वजाबाकीपेक्षा तो मोठा प्रश्न आहे.

फळ्यावरचं अर्धवट उतरवतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी डोळे! शाळांतून मुलांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते केव्हा येणार हे सरांना विचारा. वाट पाहायची नसेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तोवर त्याला पुढे बसवायला सांगा. चौथीतलं पोर 'मला दिसत नाही' असं सांगत नाही, कारण इतरांना जास्त दिसतं हे त्याला माहीतच नसतं.

आता जे ऐकायला तुम्हाला आवडणार नाही ते.

आठवड्यातून एक दिवस घरी ठेवता. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत धरलं तर दहाएक दिवस झाले. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाचे किमान दोनशे दिवस शाळा भरायची असते, त्यात दहा दिवस काही फार नाहीत असं वाटेल. पण सर ज्या दिवशी गठ्ठा सोडून दाखवतात त्याच दिवशी तो घरी असला तर दुसऱ्या दिवशी वर्ग पुढे गेलेला असतो, आणि दोन इयत्ता सांभाळणारा शिक्षक एकासाठी मागे येत नाही. वेचणीला बाया मिळत नाहीत, फुटलेला कापूस झाडावर राहिला आणि वर पाऊस आला तर काय होतं, हे मला सांगायची गरज नाही. तरी धाकटी साडेतीनची आहे ना, तिला अंगणवाडीत घाला. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठीच ती आहे, खाऊही मिळतो. अंगणवाडी सुटल्यावरचे काही तास सासूबाई पाहतील. पोर खाऊन दमून येतं, गुडघ्यांना तेवढं झेपावं. इतकं करूनही एखादा दिवस ठेवावाच लागला, तर दर वेळी एकच वार धरू नका आणि आदल्या दिवशी सरांना कळवा. गैरहजर पोर आणि कळवून गैरहजर पोर यांच्याकडे शिक्षक सारखं बघत नाही.

मोजणीचं मात्र बंद करू नका. उलट त्याला तोंडी सांगितलेला हिशेब वहीत उभा मांडायला सांगा, वर ५२० आणि खाली १८०. बायांना पैसे त्याच्या मांडणीवरून द्या. चूक झाली तर बाई लगेच बोलेल, शिक्षकापेक्षा कडक तपासणी असते ती.

अभ्यासाची जागा कुठली, हे तुम्ही लिहिलं नाही. या दिवसांत आपल्याकडे भाव वाढेल म्हणून पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो आणि पोरं ओट्यावर, रस्त्याच्या कडेच्या दिव्याखाली बसतात, येणारा-जाणारा प्रत्येक जण हाक मारून जातो. तसं असेल तर मोजणी उरकल्यावर आणि जेवणाच्या आधी स्वयंपाकघरात अर्धा तास त्याचा. टीव्ही बंद, मोबाइल बंद, मोठ्यांचाही. यापेक्षा जास्त 'अभ्यास घेणं' तुमच्याकडून कोणी मागू नये.

गृहपाठ फोनवर येतो त्याला उपाय सोपा आहे. सरांना सांगा की फोन घरी नसतो, गृहपाठ वहीतच लिहून द्या. तुमच्यासारख्या आणखी पाच-सहा आया निघतील. दोघी-तिघी मिळून सांगितलंत तर सर फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लागतील, पोरं उतरवून आणतील.

शिकवणी लावू नका, आत्ता तरी नको. त्याच शाळेच्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायला कायद्याने बंदी आहे. गावातली दुसरी कुठली असेल तर तिथे वीस पोरं एका खोलीत बसून गृहपाठ उतरवतात आणि तुमचे महिन्याचे पैसे जातात. हातच्याची वजाबाकी नोटांनी महिन्याभरात सुटते का ते आधी पाहा.

इंग्लिश मीडियमचं भाऊंना असं सांगा: ज्याची हातच्याची वजाबाकी अडलीय, ती अडलेली वजाबाकी व्हॅनमध्ये त्याच्या शेजारी बसून अमळनेरला जाईल. तिथे तीच गोष्ट परक्या भाषेत समजून घ्यायची, आणि तुम्हाला त्याच्या वहीतलं वाचताही येणार नाही, म्हणजे आज घरात जी एक मदत आहे तीही गेली. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गालाच भरतात, चौथी-पाचवीला नाही. तेव्हा फी पूर्ण, व्हॅन वेगळी. एका कापसाच्या भावावर एवढी वर्षं बांधून घ्यायची का, ते दोघांनी मिळून ठरवा. पण रागाच्या भरात, डिसेंबरात, सभेतल्या एका वाक्यावरून नाही. राज्यात आता पाचवीला वार्षिक परीक्षा असते. नापास झाला तर पुन्हा एकदा परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. त्याआधी हे वर्षभर गणित आणि वाचन पक्कं करून घेणं शाळा बदलण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

भाऊंना बाजूला ठेवू नका मात्र. त्यांचा राग खरा आहे, पोराला कोणी काही बोललेलं त्यांना सोसत नाही, आणि ते चांगलंच आहे. पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या जा. पंधरा दिवसांनंतरच्या दुसऱ्या भेटीला त्यांना घेऊन जा, तेव्हा हातात दाखवण्यासारखी पानं असतील आणि बोलायला वजाबाकी असेल. भेटीची वेळ संध्याकाळी उशिराची मिळत नसेल तर कापूस विकायला जायच्या दिवशी सकाळी शाळा भरतानाची मागून घ्या. आणि दुसऱ्या भेटीतही सरांनी वही न उघडता नुसतं 'लक्ष द्या' म्हटलं, तर मला पुन्हा लिहा. मग केंद्रप्रमुखांना द्यायचं पत्र आपण दोघी मिळून तयार करू.